शंभर शकलं

कराडला बहिणीकडे मे महिन्यातल्या एका संध्याकाळी लाइट गेले आणि इन्व्हर्टरनेही अर्ध्या तासात मान टाकली. गॅलरीत सतरंजी टाकून मी आणि माझी नऊ वर्षांची भाची बसलो होतो. माझ्या मांडीवर चांदोबा मासिकाचं एक जुनं बाइंडिंग आणि तिच्या हातात टॉर्च. खालच्या मजल्यावर कुणीतरी सांडगी मिरच्या तळत होतं, त्याचा खाट नाकात बसला होता. मी आवाज घोगरा करून वाचत होते. राजा विक्रम पुन्हा झाडाकडे गेला, प्रेत खांद्यावर टाकलं, मुकाट्याने स्मशानाची वाट धरली. प्रेतातला वेताळ बोलू लागला, गोष्ट झाली, प्रश्न झाला आणि मग आली ती धमकी, जी आमच्या पिढीला पाढ्यांसारखी पाठ आहे. उत्तर ठाऊक असूनही गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळतील. इथे मी थांबले. लहानपणी बाबा इथेच थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे. भाची घाबरेल, निदान जवळ सरकेल अशी माझी अपेक्षा. तिने टॉर्च पानावरून उचलून माझ्या तोंडावर मारला आणि म्हणाली, "मग तो 'मला नाही माहीत' असं का नाही सांगत?"

"राजे खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं.

"पण वेताळाला काय कळणारे?"

तेवढ्यात लाइट आले आणि ती चार्जर शोधायला आत पळाली. मी तशीच बसून राहिले. चाळीस वर्षं ही गोष्ट माझ्याजवळ आहे आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ते बाइंडिंग बाबांनी करून घेतलेलं. वर्षाचे बारा अंक जमले की ते पोस्टाजवळच्या बाइंडरकडे जात आणि पुठ्ठ्यात बसून, खळीचा वास घेऊन, कण्याला लाल कापडाची पट्टी लावून परत येत. कडा कापताना त्याचा हात जरा सढळ होता. त्यामुळे उजव्या हाताच्या पानांवर डावीकडच्या कॉलमाचं काही बिघडलं नाही, पण उजवीकडच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर अर्धं गेलं. ते अर्धं अक्षर मनाने भरून वाचायची मला इतकी सवय झाली होती की परवा मोठ्याने वाचतानाही कुठे अडखळले नाही. रंगीत मुखपृष्ठं बाइंडरने फाडली, की आम्ही आधीच काढून भूगोलाच्या वहीला घातली होती, यावर आम्हा बहिणींचं अजून एकमत नाही. माळा आवरताना सहा बाइंडिंगं निघाली, त्यातली दोन वाळवीने खाल्लेली. उरलेल्यांत कसर आहे. पान उलटलं की चंदेरी किडा शिवणीत शिरतो, आणि पिनांच्या जागी गंजाचे दोन तपकिरी डाग पार बाराव्या पानापर्यंत झिरपलेले.

माझं चांदोबावाचन ठरलेलं असे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक दोरीला चिमट्याने लटकलेला दिसला की बाबांचा हात ओढायचा. घरी आल्यावर आधी वेताळ, मग मांत्रिकांची आणि राक्षसांची क्रमशः चालणारी कादंबरी, मग शेवटच्या पानांवरचे ते दोन फोटो, ज्यांना जुळणाऱ्या ओळी वाचकांनी पाठवायच्या असत. आम्ही तीनदा पाठवल्या. बक्षीस कधी आलं नाही, आणि आमची ओळ छापून आलेल्या ओळीपेक्षा बरी होती हे माझं मत आजही कायम आहे. पण खरी गोष्ट सांगायची तर वेताळाची गोष्ट मी पूर्ण कधी वाचलीच नाही. मला हवा असायचा पहिला परिच्छेद आणि शेवटचा. स्मशान, अंधार, खांद्यावरचं प्रेत. मग एकदम प्रेतासकट अदृश्य होऊन पुन्हा झाडाला लोंबकळणं. मधली चार पानं, म्हणजे कुठल्याशा राज्यातला कुठलासा राजपुत्र आणि त्याने घेतलेला विचित्र निर्णय, हे जेवणातल्या कोशिंबिरीसारखं. आणि राजाचं उत्तर तर मी सरळ ओलांडून जायचे. उत्तर दिलं की वेताळ उडणार एवढं माहीत असल्यावर ते काय दिलं याच्याशी मला काय करायचं होतं?

भीती मात्र मनापासून वाटायची. आमच्या घराचा संडास मागच्या अंगणात, आणि वाटेत शेवगा. शेवग्याच्या शेंगा रात्री लोंबत्या बोटांसारख्या दिसत. मी विक्रमासारखी ताठ मानेने, मागे न बघता जायचे, उजव्या हातात तलवारीऐवजी टमरेल. १९८५ साली दूरदर्शनवर मालिका आली, पांढऱ्या केसांचा वेताळ खदाखदा हसायला लागला आणि माझी भीती थोडी कमीच झाली, कारण त्याला दात पडलेल्या आजोबांचा चेहरा मिळाला. चांदोबातल्या चित्रातल्या वेताळाला चेहरा असा नव्हताच. उपसलेली तलवार, राजाचा रोखलेला डोळा, आणि खांद्यावर ते ओझं. तेच चित्र दर महिन्याला, वर्षानुवर्षं. कोपऱ्यात 'शंकर' अशी सही. धारावाहिकाच्या चित्रांवर 'चित्रा'. ही चित्रा कुणीतरी बाई असावी, मोठी झाले की आपण तिच्यासारखी चित्रं काढायची असं मी ठरवलं होतं. चित्रा हे टी. व्ही. राघवन नावाच्या गृहस्थांचं टोपणनाव होतं हे मला चाळिशीत कळलं आणि उगाचच फसवल्यासारखं वाटलं.

आता तीच पानं बघताना आधी डोळ्यांत भरतं ते मद्रास. अंक मराठी, राजा उज्जैनचा, गोष्ट विंध्याजवळच्या कुठल्या नगरीतली, आणि देवळाला मात्र उंच गोपुर! बायकांच्या वेण्यांत गजरे दाक्षिणात्य पद्धतीने माळलेले, व्यापाऱ्यांच्या कपाळावर आडवं भस्म, घरांना लाकडी खांबांचे ओटे. चांदोबा मद्रासहून यायचा हे अंकावर छापलेलं असायचं, पण ते वाचतंय कोण? नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये तो सुरू केला, मराठी चांदोबा १९५२ चा. 'मायाबझार' हा सिनेमा काढणारे हेच दोघे, हे कळल्यावर मला चांदोबातले सगळे राजवाडे एकदम आठवले. ते राजवाडे नव्हतेच, सेट होते. गुळगुळीत खांब, भरजरी पडदे, मध्ये सिंहासन आणि कॅमेऱ्याला लागेल तेवढी मोकळी जागा. भाषाही तशीच, कुणीच कुठे बोलत नाही अशी. 'राजा मौनपणे चालू लागला.' आमच्या घरात मौनपणे कुणी कधी चाललं नव्हतं. पण 'मौनपणे' हा शब्द मला आवडायचा. गप्प बसण्याला त्याने जरा इभ्रत येते.

शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. १९२४ चा जन्म. २०२० साली ते गेले आणि पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तोपर्यंत चांदोबा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. चांदोबातल्या वेताळाने मूळच्या पंचविसेक गोष्टींवर भागवलं नाही, शेकडो सांगितल्या. त्यामुळे आमचा विक्रम स्मशानात, प्रेत आणायला धाडणाऱ्या त्या साधूपर्यंत कधी पोचलाच नाही. अंक यायचा थांबला तेव्हाही तो वाटेतच होता.

आजोळी मात्र वेगळाच वेताळ होता. आई शिरोड्याची. आरवली तिथून चालत जाण्यासारखी, आणि आरवलीचा देव वेतोबा. धिप्पाड, उभा, मिशाळ. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा. देवळात त्या वहाणा मांडून ठेवलेल्या, एकेक माझ्या हाताएवढी लांब. आजी सांगायची, "तो राती गावभर फिरता, म्हणान तेच्यो व्हाणो झिजतत." तिने मला एक तळवा उलटा करून दाखवला होता, टाचेला खरोखर झिजलेला. मी गोंधळले. इकडे उज्जैनचा वेताळ, स्वतः एक पाऊल टाकत नाही, राजाच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करतो आणि वर प्रश्न विचारतो. आणि इकडे हा, रात्रभर गस्त घालून वहाणा झिजवणारा. दोघांचं नाव एकच कसं? आजीला विचारलं तर म्हणाली, तुझा तो पुस्तकातला. एवढ्यावर विषय संपला. मलाही पटलं. शेवग्यापाशी मात्र मी दोघांनाही हाक मारायचे, कुठलातरी एक उपयोगी पडेल म्हणून.

कराडहून बाइंडिंग पुण्याला आणलं आणि रात्री झोपताना वाचायला लागले. या वेळी मधली पानं वाचली. स्पष्टच सांगते, निराशा झाली. चांदोबाकारांनी नंतर रचलेल्या गोष्टी फार समजूतदार आहेत. गादी धाकट्याला का दिली, मिळालेलं वरदान कुणी का नाकारलं, शिष्याने गुरूची आज्ञा का मोडली, आणि राजाचं उत्तर म्हणजे एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याने फायलीवर मारलेला शेरा. सगळं बरोबर आणि सगळं थंड. बायका एकतर गुणी किंवा कजाग. गरीब प्रामाणिक निघाला की त्याला शंभर मोहरा. नऊ वर्षांची असताना मी हे सगळं ओलांडून गेले ते बरंच केलं म्हणायचं. चित्रं आणि पहिला परिच्छेद काढून घेतला तर माझ्या लाडक्या गोष्टीत उरतं काय, हा विचार त्रासदायक होता. बालपणीच्या एखाद्या मिठाईवाल्याकडे परत जाऊन तूप डालडा आहे हे कळावं तसं.

मग हट्टाने जुन्या वेताळकथा ज्यात आहेत त्या कथासरित्सागराचं भाषांतर मिळवलं. तो रचणारा सोमदेव अकराव्या शतकातला, काश्मीरचा. पहिलाच धक्का असा की त्याचा राजा उज्जैनचा नाहीच. त्याचं नाव त्रिविक्रमसेन आणि राज्य प्रतिष्ठानात, गोदावरीच्या काठी. म्हणजे आपलं पैठण! पैठण म्हटलं की एकनाथ, पैठणी, जायकवाडी, आणि त्याच गावच्या राजाला मी आयुष्यभर मद्रासी कपड्यांत उज्जैनमध्ये बघत आले. एक साधू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो, राजा ते न बघता खजिनदाराकडे टाकतो, दहा वर्षं हे चालतं. एक दिवस माकडाच्या हाती फळ लागतं, ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. खजिन्यात जाऊन बघतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. या एका ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. दहा वर्षं कुणी काय दिलं ते फोडूनसुद्धा बघितलं नाही, ही गोष्ट लहानपणी वाचली असती तर माकडच तेवढं आवडलं असतं.

सोमदेवाच्या गोष्टी समजूतदार नाहीत. त्यांत एक इतका नाजूक माणूस आहे की सात गाद्यांखालच्या एका केसाचा वळ त्याच्या कुशीवर उठतो. दुसरा ताटावरून उठतो, कारण भाताला प्रेत जळल्याचा वास येतो. चौकशी केली तर तांदूळ स्मशानालगतच्या शेतातला निघतो. मंदारवती नावाच्या मुलीला तीन जण मागणी घालतात आणि ती मरते. एक तिच्या राखेवर झोपतो, एक तिच्या अस्थी गंगेत नेतो, एक भटकत जाऊन जिवंत करायचा मंत्र मिळवून येतो. ती उठून बसल्यावर तिघं भांडायला लागतात. राजा सांगतो, जिवंत केलं तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, राखेवर झोपला तो नवरा. मंत्रवाल्याने केवढा उद्योग केला आणि त्याच्या पदरी बापपण! हे उत्तर मला फार आवडलं आणि मग राग आला, कारण जिवंत झालेल्या मंदारवतीला कुणी एका शब्दाने विचारत नाही. वीरवर या राजसेवकाच्या गोष्टीत तर राजाचा जीव वाचावा म्हणून पोटचा मुलगा बळी जातो, त्याच्यामागे बहीण, मग आई. एवढ्या रक्तातून वेताळाला प्रश्न पडतो तो कुणाचा त्याग मोठा असा, आणि आपले महाराज उत्तर देतात की त्यांच्यासाठी मरायला निघालेल्या राजाचा! नोकरांनी मरायचंच असतं, राजाने मरायची तयारी दाखवली हे विशेष. हे बाबांना वाचून दाखवता आलं असतं तर ते काय म्हणाले असते? त्यांनी एकोणतीस वर्षं नोकरी केली होती.

आणि मग ती सापाची गोष्ट आली.

हरिस्वामी नावाचा ब्राह्मण, बायको हरवलेला, उपाशी. एका घरची बाई त्याला भात, दूध, साखर वाढून देते. तो ते घेऊन वडाखाली ठेवतो आणि हातपाय धुवायला जातो. वरून एक घार साप धरून येते, झाडावर बसते, मरत्या सापाच्या तोंडातून विष ठिबकतं ते नेमकं अन्नात. हरिस्वामी परत येतो, जेवतो आणि मरतो. वेताळ विचारतो, ब्रह्महत्या कुणाची? सापाची नाही, तो मरत होता. घारीची नाही, ती आपलं भक्ष्य खात होती. वाढणाऱ्या बाईची तर नाहीच. राजा म्हणतो, यांच्यातल्या कुणा एकाला जो विचार न करता दोषी ठरवेल, पाप त्याचं.

आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा गेल्या सप्टेंबरात झाली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी डिशमध्ये सामोसा आणि वेफर्स, आणि विषयपत्रिकेवर सातवा विषय लिफ्टचा खर्च. जुलैत एका रात्री गच्चीवरची टाकी भरून वाहिली, पाणी लिफ्टच्या मशीनरूममध्ये शिरलं, कार्ड जळलं. ब्याऐंशी हजारांचं बिल. पंप बंद करायचं काम वॉचमनचं. म्हणजे झोपला असणार. म्हणजे एजन्सीला सांगून बदला. पाच मिनिटांत सगळं झालं. वॉचमनकाका लातूरकडचे, साठीच्या पुढचे. रात्री साडेदहाच्या आत कधी जेवायचे नाहीत. भाची मागच्या मे महिन्यात आली होती तेव्हा त्यांनी तिला आपला मोठा टॉर्च देऊन सगळं आवार फिरवून आणलं होतं. टॉर्च समोरच्याच्या तोंडावर मारून 'कोण आहे' विचारायचं हे शिक्षण तिथलंच.

त्या जुलैच्या रात्री मी गाडी लावत होते. टँकर उशिरा आला होता. कमिटीतल्या एका गृहस्थांनी ऑटोमॅटिकचा स्विच मॅन्युअलवर टाकला आणि काकांना म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या, बंद मी करतो." मी ऐकलं. स्वच्छ, दहा फुटांवरून. सभेत ते माझ्या पुढच्याच रांगेत बसले होते आणि वेफर्स खात होते. त्यांनाही झोप लागली असेल, फोन आला असेल, काहीही झालं असेल. त्यांची सही हवी असलेला माझ्या फ्लॅटचा एक कागद त्या आठवड्यात कमिटीकडे अडकला होता. हे कारण होतं असं मी म्हणणार नाही. नव्हतं असंही म्हणवत नाही. मी सामोशाचं पारीचं टोक मोडून बाजूला ठेवलं, मग खाल्लं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते. आठवड्याने इतिवृत्त व्हॉट्सॲपवर आलं. सातव्या विषयाखाली लिहिलं होतं, सर्वानुमते मंजूर.

मी गप्प होते ते मौनपणे की कसं, कोण जाणे. त्या रात्री हरिस्वामीची गोष्ट वाचून झाल्यावर उठून पाणी प्यायले आणि बेसिनच्या आरशात उगाच भांग बघितला. मेंदी लावायला झाली होती. बाकी डोकं जागच्या जागी.

सोमदेवाच्या वेताळाची शेवटची, चोविसावी गोष्ट बाप-लेकाची आहे. त्यांना भेटलेल्या मायलेकींपैकी बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा तिच्या आईशी. त्यांना जी मुलं होतील ती एकमेकांची कोण? राजा चालत राहतो. त्याला उत्तर सापडत नाही आणि म्हणूनच तो बोलत नाही, आणि त्याच गप्प राहण्यावर वेताळ खूश होऊन राजालाच बळी द्यायचा साधूचा डाव त्याला सांगून टाकतो. त्याआधी तेवीस वेळा राजाला हे जमलं असतं. तोंड मिटून चालत राहायचं, एवढंच काम होतं. पण उत्तर सुचलं की त्याच्याच्याने राहवत नाही, आणि परत जाऊन तेच ओझं उचलायची त्याची तयारी असते. चोवीस फेऱ्या, एका रात्रीत, कृष्ण चतुर्दशीच्या. लहानपणी मला तो मूर्ख वाटायचा. एकदा तरी गप्प बस की, असं मी त्या चित्राला म्हणायचे.

मे संपता संपता भाची आठ दिवस पुण्याला आली. पहिल्याच सकाळी मी तिला वेताळ टेकडीवर नेलं. तिला वेताळाचं नाव असलेल्या टेकडीत फार रस होता, टेकडी चढण्यात नव्हता. वर वेताळाच्या देवळापाशी बसून तिने बिस्किटं खाल्ली आणि झाडांकडे संशयाने बघून घेतलं. एका कुत्र्याने तिच्या मागे पार खालपर्यंत सोबत केली. घरी आलो तर फाटकावर नवा वॉचमन, निळ्या गणवेशातला, चटपटीत पोरगा. त्याने मला सलाम ठोकला आणि तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं. नाव, वेळ, कुणाकडे. तिने लक्ष देऊन तिन्ही रकाने भरले, पेन परत केलं आणि केबिनच्या आत डोकावून पाहिलं. खुंटीवर पूर्वी टॉर्च असायचा, तिथे आता वायफायचा डबा आहे.

लिफ्टमध्ये शिरल्यावर तिने विचारलं, "मावशी, ते टॉर्चवाले काका कुठे गेले?"

"नाही गं माहीत," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि पाचचं बटण दाबलं.